पोर्टलंडच्या दगडातला हरवलेला शंख



गेल्या हाफ टर्मच्या सुट्टीत आम्ही डॉर्सेटमधल्या वेमथ गावी गेलो होतो. तिथून जवळच पोर्टलंड नावाचे बेट आहे. तसे ते पुरते बेट नाही. चेसिल बीच नावाचा गोट्यांचा एक लांबलचक बांध त्याला किनाऱ्याशी जोडतो. लंडनचे सेंट पॉल्स कॅथीड्रल, ब्रिटिश म्युझियमची जुनी इमारत आणि व्हाइटहॉलमधले सेनोटाफ हे युद्धस्मारक ज्या पांढऱ्या दगडाचे आहे, तो दगड याच बेटावरच्या खाणींतून आला. टाउट नावाच्या एका जुन्या खाणीत आता दगडातच शिल्पे कोरून ठेवली आहेत आणि तिथे कोणालाही हिंडता येते.

त्या खाणीत आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने मला एक दगड दाखवला. त्यात भोकेच भोके होती. पण ती वेडीवाकडी नव्हती. दगडात स्क्रू बसवावा आणि मग अलगद फिरवून काढून घ्यावा, तशी ती लांबट, मळसूत्री भोके होती. त्याच दगडात शेजारी कालवांचे शिंपले मात्र जसेच्या तसे होते. तिने विचारले, "बाबा, हे शिंपले राहिले, मग तो शंख कुठे गेला?"

मी लगेच उत्तर दिले. "शिंपले जाड होते म्हणून टिकले. शंख नाजूक होता, मोडून गेला."

तिला ते पटले आणि मलाही. दहा पावले पुढे गेल्यावर तिने दुसरा दगड दाखवला. त्यात एका मोठ्या शिंपल्याची पोकळी होती. पोकळीच्या आत दगडाचा एक गोळा बसला होता, आणि गोळा व बाहेरचा साचा यांच्यामध्ये रुंद फट होती. ती फट म्हणजे शिंपल्याची जाडी. "हा तर कालवापेक्षाही जाड होता," ती म्हणाली, "मग हा का गेला? आणि मोडला असता तर साचा इतका नीट राहिला असता का?"

माझे उत्तर चुकले होते. हा लेख म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे. दगड आम्ही तिथेच ठेवला, पण प्रश्न घरी घेऊन आलो.

घटक तेच, रचना वेगळी

शंख, शिंपले, अंड्याचे कवच, प्रवाळ, मोती आणि किटलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर, हे सगळे मुख्यतः एकाच पदार्थाचे असते. त्याचे नाव कॅल्शियम कार्बोनेट. आजी पानाला जो चुना लावते, तो चुनखडी किंवा शिंपले भाजून करतात, म्हणजे त्याचे मूळही हेच.

पण हा पदार्थ एकाच प्रकारे रचलेला नसतो. "नदी" या शब्दातली दोन अक्षरे उलट लावली तर "दीन" होते. अक्षरे तीच, पण शब्द वेगळा आणि अर्थही वेगळा. कॅल्शियम कार्बोनेटचेही तसेच आहे. त्याच अणूंची एक मांडणी केली की कॅल्साइट नावाचे खनिज होते आणि दुसरी मांडणी केली की अरॅगोनाइट होते. अरॅगोनाइटमध्ये अणू जास्त दाटीवाटीने बसतात. एक घनसेंटिमीटर कॅल्साइटचे वजन २.७१ ग्रॅम भरते, तर तेवढ्याच अरॅगोनाइटचे २.९३ ग्रॅम.

दिसायला दोन्ही पांढरी आणि व्हिनेगर टाकले की दोन्ही फसफसतात. पण एक फरक महत्त्वाचा आहे. जमिनीवरच्या साध्या तापमानात आणि दाबात कॅल्साइट ही स्थिर मांडणी आहे. अरॅगोनाइट अस्थिर आहे आणि पाण्यात कॅल्साइटपेक्षा थोडे जास्त विरघळते. हा "थोडा" फरक लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

कोणता प्राणी कोणती मांडणी वापरतो ते बहुतेक ठरलेले असते. कालवे आपले शिंपले मुख्यतः कॅल्साइटचे बनवतात. पुष्कळशा गोगलगायी, समुद्रातले बरेच शंख, मोती आणि आजचे खडक बांधणारे प्रवाळ हे अरॅगोनाइटचे असतात. कोंबडीच्या अंड्याचे कवच कॅल्साइटचे.

आता पोर्टलंडच्या दगडाकडे पुन्हा पाहू. मळसूत्री शंख अरॅगोनाइटचा होता. त्याच्या साच्याला खाणकामगार "पोर्टलंड स्क्रू" म्हणतात. तो जाड शिंपला ट्रायगोनिया कुळातल्या प्राण्याचा होता. त्याच्या आतल्या गोळ्याला ते "घोड्याचे डोके" म्हणतात, कारण आकार खरोखरच तसा दिसतो. तोही अरॅगोनाइटचा होता. कालव कॅल्साइटचे होते. म्हणजे कोण राहिले आणि कोण गेले हे जाडीवर ठरले नाही, मांडणीवर ठरले.

शंख नेमका कसा गेला?

सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी पोर्टलंडच्या जागी उबदार, उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचे बारीक गोल कण लाटांबरोबर इकडून तिकडे घरंगळत. प्रत्येक कणावर चुन्याचे थरावर थर चढत आणि तो साबुदाण्याच्या छोट्या दाण्यासारखा गोल होई. या दाण्यांमध्ये मेलेल्या प्राण्यांचे शंख आणि शिंपले गाडले गेले.

पुढे समुद्र उथळ होत गेला आणि जमीन वर आली. याचा पुरावा पोर्टलंडवरच आहे. भोके असलेला थर सर्वात वरचा, त्याला "रोच" म्हणतात. त्याच्या वर पर्बेक नावाचे थर आहेत आणि त्यांत जुन्या जंगलाची माती आणि दगड झालेली झाडांची खोडे सापडतात. जमीन आली म्हणजे पाऊस आला, आणि पावसाचे पाणी खाली मुरू लागले.

पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि पाणी किंचित आंबट होते. असे पाणी गाळात शिरले की प्रथम अरॅगोनाइट विरघळू लागते. थोड्या वेळाने असा क्षण येतो की पाण्यात चुना इतका झालेला असतो की कॅल्साइटला तो पुरेसा, किंबहुना जास्तच असतो. पण अरॅगोनाइटला अजून विरघळायला जागा असते. मग एकाच पाण्यात दोन कामे एकदम चालतात. एकीकडे अरॅगोनाइट विरघळत राहते आणि दुसरीकडे कॅल्साइटचे नवे स्फटिक धरत राहतात. आमच्या भाषेत सांगायचे तर, एका खात्यातून पैसे निघतात आणि दुसऱ्या खात्यात जमा होतात. पाणी हा फक्त कारकून.

इथे दोन शक्यता असतात. पहिली अशी की शंख पूर्ण विरघळून जातो आणि रिकामा साचा उरतो. आधी भोवतालचा गाळ घट्ट झालेला असेल तरच साचा टिकतो, नाहीतर तो ढासळतो. रोचमध्ये हेच झाले. दुसरी शक्यता अशी की विरघळणे आणि नवे स्फटिक धरणे हे केसापेक्षाही बारीक अशा पाण्याच्या पापुद्र्याच्या दोन बाजूंना होते. तेव्हा पोकळी पडतच नाही. जुन्या शंखाच्या जागी हळूहळू कॅल्साइटचा शंख तयार होतो आणि कधीकधी जुन्या थरांच्या पुसट रेषाही त्यात दिसतात. आकार तोच राहतो, पण आतले स्फटिक नवे असतात.

विरघळलेला चुना बहुधा फार लांब जात नाही. तो जवळपासच्या दाण्यांच्या सांध्यांत कॅल्साइट म्हणून बसतो आणि दाणे एकमेकांना चिकटतात. सुटी वाळू अशीच दगड होते. पोर्टलंडच्या दगडात ही चिकटण बेताची आहे. दगड टिकाऊ होईल इतकी आहे, पण छिन्नी चालणार नाही इतकी नाही. म्हणून १६६६ च्या मोठ्या आगीनंतर क्रिस्टोफर रेन यांनी सेंट पॉल्ससाठी हाच दगड निवडला तेव्हा त्यात कोरीव काम करता आले.

काळ की पाणी?

काही मुले म्हणतील, "इतकी कोटी वर्षे झाली, अरॅगोनाइट आपोआपच बदलले असेल." हा प्रश्न चांगला आहे, कारण मलाही आधी तसेच वाटले होते. याचे उत्तर केंटमधल्या फोकस्टनच्या किनाऱ्यावर मिळते. तिथे गॉल्ट नावाची चिकणमाती आहे. तिच्यात अमोनाइट नावाच्या प्राण्यांची दहा कोटी वर्षांहून जुनी कवचे सापडतात आणि त्यांतल्या काहींवर आजही मोत्यासारखी झळाळी असते. ती झळाळी म्हणजे मूळचे अरॅगोनाइट. चिकणमातीतून पाणी जवळजवळ वाहत नाही, म्हणून ते टिकले.

तेव्हा नुसते वय झाल्याने खनिज बदलत नाही. कोरड्या जागी अरॅगोनाइट फार फार काळ तसेच राहते. पाणी आले की बदलते. आमची पहिली दुरुस्ती होती "जाडी नाही, मांडणी". ही दुसरी: "काळ नाही, पाणी".

आता याची उलट बाजू पाहा. डोव्हरचे पांढरे कडे आपण सर्वांनी निदान फेरीबोटीतून तरी पाहिले आहेत. तो दगड म्हणजे खडू. तोही चुनखडीच. पण तो बनला समुद्रात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म शैवालांच्या चकत्यांपासून, आणि त्या चकत्या पहिल्यापासूनच कॅल्साइटच्या होत्या. त्यांना बदलण्याचे कारणच नव्हते. विरघळणारे फारसे नव्हते म्हणून सांधे भरायला चुनाही फारसा मिळाला नाही. त्यामुळे दक्षिण इंग्लंडमधला खडू इतक्या कोटी वर्षांनंतरही इतका मऊ आहे की नखाने ओरखडा उठतो. पोर्टलंडचा दगड वयाने त्याच्याहून मोठा आहे, पण त्याच्या कठीणपणाचे कारण केवळ वय नाही.

मॅग्नेशियमचा पाहुणचार

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असते. आजच्या समुद्रात दर एका कॅल्शियमच्या अणूमागे मॅग्नेशियमचे पाच अणू असतात. मॅग्नेशियम कॅल्साइटच्या वाढीत अडथळा आणते, म्हणून आज उबदार समुद्रात चुना आपोआप साचतो तेव्हा बरेचदा अरॅगोनाइट होतो. ट्रायगोनियाच्या काळी हे प्रमाण बरेच कमी होते आणि कॅल्साइट सहज बनत असे. समुद्राची "पाककृती"च काळाप्रमाणे बदलत आली आहे.

काही प्राणी कॅल्साइटमध्येच थोडे मॅग्नेशियम मिसळून घर बांधतात. तारामासा आणि समुद्री साळिंदर ही त्यांची उदाहरणे. असे कॅल्साइटही अस्थिर असते. पण ते बदलते तेव्हा बहुधा मॅग्नेशियम तेवढे निघून जाते आणि बारीक नक्षी शाबूत राहते. म्हणून समुद्री साळिंदराचे जीवाश्म इतके रेखीव असतात.

कधीकधी उलटे होते. मॅग्नेशियम बाहेर न जाता चुनखडीत शिरते आणि जवळजवळ निम्म्या कॅल्शियमची जागा घेते. मग डोलोमाइट हे नवे खनिज होते. सुमारे साडेपंचवीस कोटी वर्षांपूर्वी इंग्लंडच्या ईशान्येला एक खारा समुद्र आटत होता. पाण्यातले कॅल्शियम जिप्सम होऊन तळाशी बसले आणि उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचे प्रमाण वाढले. डरहॅमपासून नॉटिंगहॅमशरपर्यंतची मॅग्नेशियमयुक्त चुनखडी त्याच समुद्रातली. यॉर्क मिन्स्टर त्याच दगडाचे आहे.

१८३४ मध्ये जुने पार्लमेंट जळाले. नव्या इमारतीसाठी कोणता दगड घ्यावा हे ठरवायला एक समिती देशभर हिंडली. तिच्यात वास्तुविशारद चार्ल्स बॅरी होते आणि इंग्लंडचा पहिला मोठा भूशास्त्रीय नकाशा १८१५ साली प्रसिद्ध करणारे विल्यम स्मिथही होते. शेवटी दक्षिण यॉर्कशरमधल्या अॅन्स्टनचा डोलोमाइटयुक्त दगड घेतला गेला. पण लंडनमध्ये तेव्हा घरोघर कोळसा जळत असे. त्या धुरातल्या गंधकामुळे पाऊस आम्लाचा झाला. डोलोमाइटमधल्या मॅग्नेशियमशी त्याचा संयोग झाला की मॅग्नेशियम सल्फेट बनते, म्हणजेच औषधाच्या दुकानात मिळणारे एप्सम सॉल्ट. ते पाण्यात विरघळते, दगडाच्या छिद्रांत शिरते, तिथे पुन्हा स्फटिक होते आणि दगडाचे पापुद्रे सोडवते. दगडाची निवड खाणीत पुरेशी काटेकोर झाली नाही, हेही एक कारण होते. इमारत पुरी होण्याआधीच दगड झडू लागला आणि विसाव्या शतकात रटलंडमधल्या क्लिप्शमच्या चुनखडीने मोठी दुरुस्ती करावी लागली.

दगड चांगला की वाईट, एवढाच प्रश्न नसतो. तो कशाचा आहे आणि कोणत्या पाण्यात उभा राहणार आहे, हे दोन्ही विचारावे लागते.

हे आज का महत्त्वाचे आहे?

कारखाने सुरू झाल्यापासून आपण हवेत सोडलेला पुष्कळसा कार्बन डायऑक्साइड समुद्राने शोषला आहे आणि समुद्राचे पाणी थोडे कमी अल्कधर्मी झाले आहे. अशा पाण्यात अरॅगोनाइटला आधी त्रास होतो, कारण ते जास्त विरघळते. प्रवाळ अरॅगोनाइटचे असतात. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. गावी गेल्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीने जाल तेव्हा हे आठवा. पोर्टलंडचा शंख मेल्यानंतर, गाडला गेल्यानंतर विरघळला. जिवंत प्राण्याला मात्र घर बांधतानाच अडचण होत असेल तर ती निराळी आणि गंभीर गोष्ट आहे.

घरी करून पाहा (मोठ्यांच्या देखरेखीखाली)

१. किटलीच्या तळाचा पांढरा थर थोडा खरवडून व्हिनेगरमध्ये टाका. फसफस होईल. दक्षिण इंग्लंडचे बरेच पाणी खडूच्या थरांतून येते, म्हणून त्यात चुना विरघळलेला असतो. पाणी गरम असताना चुन्याचा कल अरॅगोनाइटकडे जातो, म्हणून किटलीत कॅल्साइटबरोबर अरॅगोनाइटही असू शकते.

२. अंड्याचे कवच एका पेल्यात आणि समुद्रावरून आणलेला शंख दुसऱ्यात ठेवा. दोन्हींवर व्हिनेगर ओता. दोन्ही फसफसतील, म्हणजे या कसोटीने दोघांतला फरक कळत नाही. कोणती कसोटी काय सांगू शकत नाही, हे शिकणेही महत्त्वाचे आहे.

३. लंडनमध्ये गेलात तर सेंट पॉल्सच्या बाहेरच्या भिंतींवर कालवांचे तुकडे शोधा. मग सेंट जेम्सेस स्ट्रीटवर १९६४ साली पुरी झालेली, एके काळी इकॉनॉमिस्ट साप्ताहिकाची असलेली इमारत पाहा. ती रोचने मढवलेली आहे. मळसूत्री भोके तिथे सहज दिसतात. बोट घालून पाहा, पण खरवडू नका.

शब्दार्थ

चुनखडी – मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा दगड
कालव – खडकाला चिकटून राहणारा, खडबडीत शिंपल्याचा समुद्री प्राणी
मळसूत्र – स्क्रूवरची गोल फिरत जाणारी आटी
जीवाश्म – दगडात राहिलेला प्राण्याचा किंवा वनस्पतीचा अवशेष वा ठसा
स्फटिक – अणूंची ठराविक मांडणी असलेला घन पदार्थ
झळाळी – चमक

प्रश्न (उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहा)

१. ट्रायगोनियाचा शिंपला जाड असूनही का गेला?
२. फोकस्टनच्या अमोनाइटची झळाळी का टिकली?
३. खडू मऊ का राहिला? तीन वाक्यांत लिहा.
४. "घटक तेच, रचना वेगळी" याचे आणखी एक उदाहरण द्या. (पेन्सिल आणि आईची अंगठी यांचा विचार करा.)

पालकांना एक विनंती. या लेखातला चौथा प्रश्न मुलांना सोडवू द्या, पहिला मात्र तुम्ही स्वतः त्यांना समजावून सांगा, आणि मराठीतच. आमच्या घरी हे करताना "विरघळणे", "वितळणे" आणि "झिजणे" या तीन शब्दांवर चांगला अर्धा तास वाद झाला. शंख वितळला नाही, झिजलाही नाही, तो विरघळला. हा फरक मुलीला इंग्रजीत माहीत होता. मराठीत तो त्या दगडामुळे कळला.

— वर्गातील एक पालक